नापास होण्याची तालीम

गावोगावच्या शाळांत मला 'येड्यायची मॅडम' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण माझी स्कूटी फाटकातून आत शिरली की व्हरांड्यातलं एखादं पोरगं वर्गाकडे तोंड करून तसं ओरडतं, आणि आतला मास्तर त्याला दटावत नाही. माझं सरकारी पदनाम इतकं लांब आहे की मलाच ते एका दमात म्हणता येत नाही. काम मात्र सोपं आहे. डोकं ठिकाणावर असूनही ज्या मुलांना अक्षरं वश होत नाहीत, जी एका जागी टिकत नाहीत, ज्यांचं लक्ष पानावरून सारखं उडून जातं, त्यांना त्यांच्या रीतीनं शिकवायचं. तालुक्यातल्या शाळा वाटून घेतलेल्या, आणि आज या गावी तर उद्या त्या गावी अशी माझी फिरती.

आधी मला त्या नावाचा राग यायचा. आता नावाचा येत नाही, माणसांचा येतो, आणि तो कमी व्हावा असं काही अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या वाटेवर एक गाव आहे. तिथले मुख्याध्यापक स्वतःच सहावी-सातवीला शिकवायचे. माणूस उमदा, हसतमुख, पाहुण्याला चहाशिवाय सोडणार नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, पाहुणेरावळे येतात, पोरीबाळींच्या सोयरिकी जुळतात, आणि मंडईला नाटक झालं नाही तर गावाची शोभा जाते. हे गुरुजी आसपासच्या मंडयांत नावाजलेले नट होते. नाटक कोणतंही असो, लोकांना त्यांची एकच भूमिका हवी असायची, येडपट नोकराची. तोंड किंचित उघडं, नजर कुठेतरी कोपऱ्यात, विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. ते नुसते येऊन उभे राहिले तरी मांडवात हसून हसून लोकांची पोटं दुखायची. मीही हसले आहे. चांगलंच करायचे ते.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं की या शाळेतलं प्रत्येक मूल वाचतं. वरून कुणी साहेब आला की त्याचा फोटो त्या भिंतीसमोर निघायचा. त्या वाक्यात फक्त एक पोरगी बसत नव्हती.

सहावीत होती. घरची थोडी धानाची जमीन, थोडी ठेक्यानं केलेली. बाप बाजारोबाजारी मिरची-हळद विकायचा, घर आणि शेत आईच्या अंगावर. पोरगी दिसायला तरतरीत, बोलायला लागली की ऐकत राहावं अशी. पण पुस्तक समोर आलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. 'कमळ' ती 'मकळ' वाचायची, आणि तोच शब्द खालच्या ओळीत आला की 'कळम'. फळ्यावरून उतरवून घेताना अर्ध्यात तिचं लक्ष खिडकीबाहेर जायचं आणि परत यायचं तोवर फळा पुसलेला असायचा. हे आळसानं होत नाही, खोडीनं होत नाही. ज्याचे डोळे अधू आहेत त्याला आपण चष्मा देतो, हिला काय दिलं ते सांगते.

गुरुजींच्या वर्गात ओळ-ओळ वाचायची पद्धत होती. एकेक मूल उठायचं, एक ओळ वाचून बसायचं. तिची पाळी जवळ आली की पोरं आधीच तोंडावर हात ठेवून तयार बसायची. गुरुजी म्हणायचे, आता आपल्या बॅरिस्टरीणबाई वाचतील. ती उभी राहायची, पहिल्याच शब्दाला अडखळायची, वर्ग खदखदायचा. मग तळहातावर छडी. छडीला कायद्यानं बंदी आहे, म्हणून ती टेबलावर नसायची, कपाटामागे असायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की हिला वाचता न येणं हा एक प्रकारचा अडथळा आहे, बुद्धी शाबूत आहे, नागपूरला नेऊन तपासू, तसा दाखला मिळेल, परीक्षेत जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, आणि मी शिकवते, वर्ष-दोन वर्षांत वाचेल. गुरुजींनी मन लावून ऐकलं. मग त्यांनी विचारलं की तपासणीचे साहेब यायच्या आधी वाचेल का. मी नाही म्हटलं.

त्या वर्षी मंडईच्या नाटकाच्या तालमी शाळेच्या व्हरांड्यात चालल्या होत्या. शाळा सुटली की नटमंडळी जमायची. ही पोरगी घरी न जाता खांबाला टेकून बसायची. पानावर क्षणभर न ठरणारं तिचं लक्ष तिथे अंधार पडेपर्यंत ठरायचं. नट संवाद विसरला की ती बसल्या जागेवरून पुढचं वाक्य सांगायची. नायिकेचं, खलनायकाचं, सगळ्यांचं. चार-पाच दिवसांत अख्खं नाटक तिच्या तोंडी होतं. मला वाटलं, बरं झालं, आता तरी गुरुजींना पोरीचं डोकं दिसेल.

त्यांना दिसलं. पण त्यातून त्यांनी जे काढलं ते माझ्या सात जन्मांत मला सुचलं नसतं.

नागपूर लांब, तिथल्या खेपा, तिथले हेलपाटे. गोंदियाच्या दवाखान्यात मात्र मतिमंद असल्याचा दाखला जवळच मिळतो. आणि मतिमंद मुलाचं वाचन साहेब तपासत नाहीत, त्याला शाळेच्या हिशेबात धरत नाहीत. तेव्हा पोरीला मतिमंद करून टाकायचं. तपासणाऱ्यासमोर तिनं तसं वागायचं, आणि तसं वागणं तिला शिकवता येईल. का येईल, तर अख्खं नाटक तिला पाठ आहे. म्हणजे जी हुशारी तिला वाचवायची, तिच्याच जोरावर तिला येडी ठरवायचं होतं. गुरुजी हे मला अगदी मोकळ्या मनानं सांगत होते, जणू माझं कामच त्यांनी हलकं केलं होतं.

मी तडक पोरीच्या घरी गेले. आई अंगणात सुपानं धान पाखडत होती. मी तिला सगळं समजावलं, नागपूरचंही आणि गोंदियाचंही. मतिमंद हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही, हेही सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होती. मग तिनं मला विचारलं, "नागपूरचा कागद आणला तर मास्तर मारनं बंद करंल का?"

मी म्हटलं, करायला पाहिजे.

"पायजे नाही, करंल का ते सांगा. या कागदानं तर बंद होते म्हनते. मास्तरच म्हनते."

मारणाराच मार थांबवायची हमी देत होता, याच्याहून पक्की हमी माझ्याकडे नव्हती. मी तावातावानं पोरीच्या भविष्यावर बोलत राहिले. त्या बाईसमोर मात्र पोरीचे सुजलेले तळहात होते, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा वर्ग होता. पोरीच्या बापानं रात्री घरी आल्यावर सांगितलं म्हणे, मास्तर म्हणतील तसं करा.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी त्याच वाटेनं जात होते म्हणून थांबले, तर वर्गात गुरुजी, ती आई आणि पोरगी. तालीम चालू होती. गुरुजी तपासणारा झाले होते. त्यांनी पेन दाखवून विचारलं, हे काय? पोरीनं लगेच तोंड वेडंवाकडं केलं. गुरुजी म्हणाले, तसं नाही, ते मंडईत चालते, दवाखान्यात पकडल्या जाशील. काही करायचंच नाही. पेनाकडे पाहायचं, मग माझ्या कानाकडे पाहायचं, थांबायचं. मी दुसऱ्यांदा विचारीन. मग हळूच म्हणायचं, काडी. त्यांनी स्वतः करून दाखवलं. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि मी तिच्याकडे. तिनं पुन्हा केलं. आता वर्गात एक खरोखरची मतिमंद मुलगी उभी होती.

गुरुजींनी टाळी वाजवली. "वा. पोरगी कलाकार हाये," ते आईला म्हणाले. "माह्याहून वरचढ जाईल."

पोरगी लाजली, कानापर्यंत लाल झाली. त्या शाळेत तिला कुणी वा म्हणायची ती पहिली वेळ होती. मी दारातच उभी राहून गुरुजींना सांगितलं की हे पाप आहे. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही पुस्तकातलं बोलता. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

गोंदियाला मी गेले नाही. आईनंच परतल्यावर सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात अभिमान होता. पोरगी कुठे चुकली नाही, एकदाही हसली नाही, मधेच तपासणाऱ्या बाईनं बिस्किट दिलं तर तेही उलटं धरून खाल्लं, जे कुणी शिकवलेलंही नव्हतं. दोन वर्षांच्या मुदतीचा दाखला मिळाला. जन्मात पहिल्यांदा ती परीक्षा पास झाली होती.

आणि मग सगळे तिच्याशी चांगले वागू लागले. छडी थांबली, गुरुजींनी शब्द पाळला. ओळ-ओळ वाचताना तिची पाळी आली की पुढच्यानं उठायचं. तिला मागच्या कोपऱ्यात बसवलं, रंगाच्या कांड्या दिल्या, चित्र रंगवायला सांगितलं. पोरं हसायची बंद झाली, कारण येडीला हसू नये असं त्यांना घरूनच शिकवलेलं असतं. पोषण आहाराच्या वेळी एक बाई तिच्या ताटात भात वाढताना तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि च् च् करायची. मी छड्या पाहिल्या होत्या, त्यांच्याहून मला तो हात जास्त लागला. मारणारा निदान समोरच्याला येईल असं धरून मारत असतो. आता तिच्याकडून कुणाला काही नकोच होतं.

साहेब आले, भिंतीसमोर फोटो निघाला, शाळेचं कौतुक झालं.

मी तिला शिकवायला लागले ते चडफडतच. शाळेत नको म्हणून तिच्या घरी, दुपारच्या वेळी. सुपात तूस पसरायचं, त्यात बोटानं अक्षर काढायचं, काढता काढता मोठ्यानं म्हणायचं. डोळ्याला नाही समजत तर बोटाला समजू दे, कानाला समजू दे. लक्ष उडालं की उठायचं, अंगणाला एक फेरी मारायची, पुन्हा येऊन बसायचं, आणि फेरी मारल्याबद्दल कुणी बोलायचं नाही. असं हिवाळाभर चाललं, उन्हाळाभर चाललं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई तिला शेतावर बांधीत न्यायची, तेव्हा खंड पडायचा आणि अर्धं धुऊन जायचं. मी चिडायचे, ओरडायचे, पुन्हा 'क'पासून सुरू करायचे. ती माझ्या ओरडण्याला भीत नव्हती. मला ते बरं वाटायचं.

सातवीच्या शेवटाला एका दुपारी तिनं गोष्टीच्या पुस्तकातली एक ओळ बोट ठेवून, घाम गाळत, पण अख्खी वाचली. कोल्ह्याला फार भूक लागली होती. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली आणि विचारलं, "मंग त्यानं काय खाल्लं?"

अक्षरं जोडणारं पोर असं विचारत नाही. वाचणारं विचारतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आई चुलीपाशी होती. तिनंही ऐकलं होतं. तिचे हात थांबले, चेहऱ्यावर काहीतरी उमललं, ते मी पाहिलं, खोटं सांगणार नाही. मग ती उठली, रस्त्याकडचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, शेजारीन आइकंल," ती म्हणाली. "पोरगी आता मार न खाता झोपते. तुमी तिचा कागद घालवून राहिल्या."

मी तिला नाही नाही ते बोलले. पोरीसमोर बोलले. म्हटलं, तुझी पोरगी शहाणी आहे याची तुला लाज वाटते का? ती म्हणाली की लाज नाही वाटत, भेव वाटते. पुढे आठवीला दुसऱ्या गावची मोठी शाळा, दुसरे मास्तर, आणि पोरगी वाचते किती, तर एक ओळ. एका ओळीवर तिला शहाण्यांत बसवाल, आणि दुसऱ्या ओळीला कोण वाचवंल? मी उत्तर दिलं की मी आहे. ती अंगणात लावलेल्या माझ्या स्कूटीकडे पाहत राहिली. आज इथे, उद्या दुसऱ्या गावी, हे तिलाही माहीत होतं.

दाखल्याची मुदत संपत आली होती. आठवीच्या शाळेनं नवा मागितला, म्हणजे पुन्हा गोंदिया, पुन्हा तपासणी. मला वाटलं, हाच मोका आहे. मी पोरीशी एकटीशी बोलले. तिला सगळं उलगडून सांगितलं, की तिथे जे येतं ते येतं म्हण, जे वाचता येतं ते वाच, म्हणजे हा कागद बदलेल, मग आपण नागपूरला जाऊ, मग दहावीला तुला वेळ मिळेल, लेखनिक मिळेल. तिनं विचारलं, गुरुजी रागावतील का? मी म्हटलं, गुरुजींचा आता तुझ्याशी संबंध नाही. मग म्हणाली, वाचतो बाई. मी तिचा हात हातात घेतला आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघी निघालो. सौंदड स्टेशनाला आईनं डबा उघडला. पोरगी खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाची पाटी ओठांतल्या ओठांत लावत होती आणि मध्येच माझ्याकडे पाहून हसत होती. आईला कळत होतं. तिनं डब्यातली पोळी फक्त पोरीच्या हातात ठेवली.

तपासणाऱ्या बाई नव्या होत्या, तरुण, मऊ आवाजाच्या. मी पोरीची शिक्षिका म्हणून मला आत बसू दिलं, आईला दाराबाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं, आणि फटीतून आईचा पदर दिसत होता. तपासणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवली, ठोकळे मांडले, आणि शेवटी मीच विनंती केली म्हणून मोठ्या टाइपात छापलेलं एक पान पोरीसमोर ठेवलं.

मी तिच्या अगदी शेजारी होते. तिची नजर पहिल्या ओळीवर डावीकडून उजवीकडे सरकली, एका जोडाक्षरापाशी थांबली, मागे आली, पुढे गेली. ओठ हलले. ओळ संपली. मग नजर पानावरून उठली आणि तपासणाऱ्या बाईंच्या कानाकडे गेली, आणि तिथे राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. ती थांबली. तिला किती थांबायचं ते ठाऊक होतं. मग हळूच म्हणाली, "येत नाई."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतका तिचा संताप मला आधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही. मी उठून उभी राहिले, त्या बाईंना सांगितलं की हिला वाचता येतं, आत्ता ही वाचून बसली आहे, हिला हे शिकवलेलं आहे. बाईंनी पान पुन्हा पुढे केलं, अतिशय प्रेमानं. पोरीनं पानावर बोट ठेवलं, बोटाकडे पाहत राहिली आणि नखाशी खेळू लागली. ते पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी सरस होतं.

"मॅडम," बाई मला म्हणाल्या, "आपकी भावना मैं समझती हूँ. पर बच्ची पर इतना प्रेशर मत डालिए." आणि त्यांनी कागदावर मुदतीच्या जागी 'कायमस्वरूपी' लिहिलं.

बाहेर आई उभी राहिली होती. तिनं कागद पाहिला नाही, पोरीचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. पदराच्या गाठीतून पैसे काढून ती समोसे आणायला गेली. मी आणि पोरगी बाकावर बसलो. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. समोरच्या भिंतीकडे पाहतच मी विचारलं की काऊन असं केलंस, तू तर शब्द दिला होतास, आईला भ्यालीस का?

तिनं मान हलवली. नाही म्हणाली. पहिली ओळ आली होती, तिनं मला ती म्हणूनही दाखवली, शब्द न् शब्द बरोबर. दुसरी नव्हती आली.

"वाचलं असतं तं मी पुन्हा कच्चीच," ती म्हणाली. "हे मले पूर्ण येते, बाई."